हिपॅटायटिस आणि यकृताचा कर्करोग : रक्तातल्या खुणा काय सांगतात?

यकृत, म्हणजे आपल्या घरात ज्याला जिगर म्हणतात ते, सहजासहजी तक्रार करत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी चा विषाणू वीस-तीस वर्षं शरीरात राहतो, माणूस कामधंदा करत असतो, आणि कळतं तेव्हा पुष्कळदा गाठ मोठी झालेली असते. मग रक्तातून आधीच काही कळेल का?

विषाणूपासून कर्करोगापर्यंत
सी विषाणूमुळे यकृताला सतत सूज राहते, व्रण पडतात आणि ते कडक होतं. याला सिरोसिस म्हणतात. कर्करोग बहुतेक वेळा त्यानंतर येतो. बी विषाणू मात्र पेशीच्या डीएनएमध्येच शिरू शकतो, त्यामुळे सिरोसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

आजची तपासणी
एएफपी हे प्रथिन यकृताच्या कर्करोगाची खूण म्हणून 1960च्या दशकापासून माहीत आहे. पण गाठ लहान असताना ते नॉर्मल येऊ शकतं, आणि नुसत्या सुजेनं किंवा गरोदरपणातही वाढतं. म्हणून एकट्या एएफपीवर विसंबायचं नाही, सोबत सोनोग्राफी हवीच.

नव्या खुणा : मेटाबोलाइट
पेशींच्या कामातून तयार होणारे छोटे रेणू म्हणजे मेटाबोलाइट. यात अमिनो आम्लं, चरबीचे घटक, पित्ताम्लं येतात. मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रानं थेंबभर रक्तातले असे शेकडो रेणू मोजता येतात. यकृताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांत पित्ताम्लं वाढलेली, लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हे चरबीचे रेणू घटलेले, ल्यूसीन-व्हॅलीन कमी आणि फेनिलअलॅनिन-टायरोसिन जास्त असं चित्र दिसलं आहे.

अडचण अशी की यातले बरेच बदल नुसत्या सिरोसिसमध्येही दिसतात. शिवाय जेवण, उपवास, औषधं, मधुमेह यांचाही परिणाम होतो. रमजानात सहरीनंतर घेतलेलं आणि इफ्तारच्या आधी घेतलेलं रक्त एकाच माणसाचं असलं तरी आकडे वेगळे येतील. त्यामुळे या खुणा अजून संशोधनातच आहेत. 'एका थेंबात कर्करोग ओळखा' अशी जाहिरात दिसली तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपण काय करायचं?
- घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं एकदा एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही तपासून घ्यावं. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत.
- बाळाला जन्मानंतर 24 तासांत हिपॅटायटिस बी ची लस द्यावी.
- हिजामा, खतना, दाढी, कान टोचणं : पातं आणि सुई दरवेळी नवी असावी.
- सिरोसिस असेल त्यांनी, आणि बी च्या ज्या रुग्णांना डॉक्टर सांगतील त्यांनी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करावी.
- सी हा आजार साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. पण सिरोसिस झालेला असेल तर नंतरही तपासणी चालूच ठेवायची. बी च्या गोळ्या मनानं बंद करू नयेत.

आणि एक गोष्ट. एका दस्तरखानावर बसल्यानं, एका थाळीत जेवल्यानं बी किंवा सी पसरत नाही. रुग्णाचं ताट वेगळं केलं की तो आजार लपवायला लागतो, तपासणी टाळतो, आणि तिथेच वेळ हातातून जाते. ताट एकच राहू द्या, तपासणीची तारीख मात्र चुकवू नका.