मध्यरात्रीचे नागपूर, टपालाची विमाने आणि हवेचा दाब

१/ ३० जानेवारी १९४९ रोजी भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाच्या थैल्या घेऊन निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत.

२/ रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळणमंत्री होते. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोहोचावे, हा उद्देश. देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपूरची निवड स्वाभाविक होती. प्रश्न होता तो अंधाराचा. खालची जमीन दिसत नसताना ती किती दूर आहे, हे वैमानिकाने ओळखायचे कसे?

३/ या प्रश्नाचे उत्तर तीनशे वर्षे जुने होते. १६४३ मध्ये इटलीत टॉरिचेली याने पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब दाखवून दिला. पाच वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिये अशीच नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द दोम हा डोंगर चढला. पायथ्याच्या तुलनेत माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली उतरला.

४/ कारण सोपे आहे. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे, त्याचे वजन म्हणजेच हा दाब. वर चढावे तसा थर कमी होतो आणि दाबही घटतो. समुद्रसपाटीजवळ साधारण २७ फूट चढले की दाब एक मिलिबारने उतरतो. जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होते आणि तेवढ्याच घटीसाठी अधिक चढावे लागते.

५/ नागपुरातील झिरो माईलचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट उंच आहे. प्रमाण हवामानात समुद्रकाठी दाब १०१३ मिलिबार असेल, तर येथे तो सुमारे ९७७ भरतो. पाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ७६० ऐवजी साधारण ७३२ मिलिमीटर.

६/ विमानातील उंचीमापक याच नियमावर चालतो. त्याच्या आत एक हवाबंद धातूची डबी असते. बाहेरचा दाब घटला की ती फुगते आणि काटा सरकतो. म्हणजे हे यंत्र प्रत्यक्षात उंची मोजतच नाही. ते दाब मोजते आणि तबकडीवर उंचीचे आकडे दाखवते.

७/ धोका नेमका येथेच आहे, कारण दाब केवळ उंचीमुळे बदलत नाही. दख्खनमध्ये वर्षानुवर्षे नोंदी ठेवणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात येथील ‘वातावरणीय भरती-ओहोटी’वर निबंध प्रसिद्ध केला. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दाब चढतो, दुपारी चार-पाचला उतरतो आणि रात्री हेच चक्र पुन्हा घडते.

८/ कोरड्या दिवसांत हा फरक तीन-चार मिलिबारांपर्यंत जातो. नागपूरच्या धावपट्टीवर सकाळपासून जागचे न हललेले विमान दुपारी आपल्याच उंचीमापकानुसार सुमारे शंभर फूट ‘वर चढलेले’ दिसू शकते! आणि हे निरभ्र आकाशाखाली. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाचे क्षेत्र विदर्भाकडे सरकले की फरक आणखी वाढतो.

९/ आता असे समजा, की वैमानिकाने मुंबईच्या दाबानुसार यंत्र लावले आणि तो नागपूरकडे निघाला. नागपूरचा समुद्रसपाटीशी जुळवलेला दाब मुंबईपेक्षा ८ मिलिबारने कमी आहे. उंचीमापक त्याला प्रत्यक्षापेक्षा सुमारे २२० फूट अधिक उंची दाखवील. काळोख्या रात्री, पावसात, जमिनीलगत येताना दोनशे फुटांची ही चूक जिवावर बेतू शकते. विमानात टपालाबरोबर प्रवासीही असत.

१०/ उपाय यंत्रातच होता. पॉल कोल्समन याने १९२८ मध्ये बनवलेल्या उंचीमापकात स्थानिक दाबाचा आकडा लावण्याची सोय होती. १९२९ साली जिमी डूलिटल याने बाहेर न पाहता, केवळ यंत्रांच्या आधारे विमान उडवून उतरवले, तेव्हा हाच उंचीमापक त्याच्यापाशी होता.

११/ मात्र तो आकडा जमिनीवरूनच कळवावा लागतो. वेधशाळा दाब मोजते, तो समुद्रसपाटीशी जुळवते आणि विमानतळ तो रेडिओवरून वैमानिकाला देतो. वैमानिकी संकेतात याला क्यूएनएच म्हणतात. तो अचूक लावला, की सोनेगावच्या धावपट्टीवर चाके टेकताना काटा शून्यावर नव्हे, तर सुमारे १०३० फुटांवर असतो. धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची तेवढीच आहे.

१२/ रात्रीच्या त्या टपालसेवेची आठवण निघते ती विमानांच्या आणि वैमानिकांच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे. परंतु चार दिशांनी येणारी विमाने एकाच धावपट्टीवर सुखरूप उतरण्यामागे दाबमापकासमोर रात्रभर जागणाऱ्या निरीक्षकाचाही वाटा होता. जमिनीची उंची एकदा मोजून दगडावर कोरता येते. हवेचा दाब मात्र प्रत्येक विमानासाठी नव्याने पाहावा लागतो. आजही नागपुरात उतरणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला तो आकडा कळवला जातो.