दिवाळीचे चित्र आणि रिकामा पाट

१/ खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीचा तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ आहे. दोन्ही नाना फडणवीसांनी बांधविली. थोर मुत्सद्दी म्हणून नाना सर्वांना ठाऊक आहेत. आज त्यांच्या एका दिवाळीविषयी, आणि तिच्यावरून आठवलेल्या एका चित्रपरंपरेविषयी.

२/ १७६० ची दिवाळी अठरा वर्षांच्या नानांनी पानिपतच्या छावणीत काढली. आई आणि पत्नी बरोबर होत्या, समोर अब्दालीची फौज. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर पत्नीची भेट झाली. आईची पुन्हा कधीच नाही. या आघाताविषयी नानांनी आत्मवृत्तात स्वतः लिहिले आहे.

३/ पानिपत अपवाद म्हणावे, तरी सणासुदीची ताटातूट मराठी घरांना नवी नव्हती. पाऊस सरला, दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले, की फौजा मुलूखगिरीस निघत. दसऱ्यानंतर दिवाळी अवघ्या वीस दिवसांवर. ओवाळणीचे तबक तयार, आणि पाट रिकामा!

४/ हेच दुःख उत्तरेत चित्रकारांनी हाती घेतले. ओरछाच्या केशवदासाने १६०१ मध्ये ‘कविप्रिया’ रचली. तिच्यातील बारामाशात नायिका प्रत्येक महिन्याचे वैभव वर्णून प्रियकराला सांगते, या महिन्यात जाऊ नका. बुंदी-कोट्याच्या चित्रकारांनी या विषयावर पानेच्या पाने रंगविली. कार्तिकात पाणी, रान, आकाश दिव्यांनी भरलेले, जोडपी द्यूतात रमलेली. फाल्गुनात होळीचा दंगा.

५/ गंमत अशी की या चित्रांत दोघे एकत्रच असतात. रिकामी शेज नाही, अश्रू नाहीत. तो अजून निघालेला नाही. भोवतीचा उत्सव हाच तिचा युक्तिवाद. उद्या हेच दिवे तिला एकटीने पाहावे लागतील, ही धास्ती चित्रकार बोलून दाखवीत नाही. रडणाऱ्या विरहिणीपेक्षा मला हे अधिक जिव्हारी लागते.

६/ आणि मराठी भिंती? मेणवलीला नानांच्याच वाड्यात भित्तिचित्रे आहेत. त्यांचा भर पुराणकथांवर. माझ्या मते आपल्याकडचा विरह रंगांपेक्षा शाहिरांच्या लावणीत अधिक मोकळा झाला. लावणीतली स्त्री विनवते, रुसते, भांडते. बारामाशाच्या नायिकेची ती सख्खी बहीण शोभावी.

७/ कर्जत-खोपोलीकरांना लोकलने मुंबई गाठता येते. तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रे आहेत. कुठेही बारामाशाचे पान दिसले, तर दिव्यांकडे नंतर पाहा. आधी त्या दोघांचे हात पाहा.