गुंगालिनची लाइट रेल आणि निवडणुकीपूर्वीचे कंत्राट

गुंगालिन हा कॅनबेराच्या उत्तरेकडील विभाग. तेथून शहराच्या मध्यभागी जाणाऱ्या १२ किलोमीटरच्या लाइट रेलने एक जुना संसदीय प्रश्न पुढे आणला: निवडणूक जवळ आली असता पुढील सरकारचे हात बांधणारे कंत्राट करावे काय?

२०१२ साली प्रादेशिक विधानसभेच्या १७ जागांपैकी लेबर व लिबरल पक्षांना प्रत्येकी ८ मिळाल्या. उरलेल्या एका जागेवरील ग्रीन्स पक्षाचे शेन रॅटनबरी यांनी लेबरला पाठिंबा दिला. त्या समझोत्यात ही लाइट रेल होती. मे २०१६ मध्ये कंत्राटावर सह्या झाल्या. मतदान ऑक्टोबरमध्ये होते आणि सत्तेवर आल्यास कंत्राट मोडू, असे लिबरल पक्षाने बजावले होते.

ब्रिटिश परंपरेतून आलेल्या काळजीवाहू सरकारच्या संकेतानुसार निवडणूक काळात मोठी बांधिलकी स्वीकारली जात नाही. कॅनबेरात हा काळ मतदानापूर्वीचे अवघे ३७ दिवस; मे महिना त्यात येत नव्हता. संकेताचे शब्द पाळले गेले. हेतूबद्दल मतभेद राहिले.

मेलबर्नमध्ये तर पक्षांच्या भूमिका नेमक्या उलट होत्या. तेथील लिबरल-नॅशनल सरकारने निवडणुकीच्या दोन महिने आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, ‘ईस्ट वेस्ट लिंक’ या रस्त्याचे कंत्राट केले. विजयी लेबरने ते मोडले. व्हिक्टोरियाच्या महालेखापरीक्षकांच्या हिशेबाने एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली.

कॅनबेरात ती वेळ आली नाही. २५ जागांच्या वाढीव विधानसभेत लेबरला १२, लिबरलांना ११ व ग्रीन्सना २ जागा मिळाल्या, आणि २० एप्रिल २०१९ रोजी लाइट रेल प्रवाशांसाठी खुली झाली.