मध्यम राष्ट्रांची मुत्सद्देगिरी आणि वेसाक दिन

ज्या देशाकडे महासत्तेसारखे लष्कर नाही, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार नाही, तरीही ज्याचे म्हणणे जगाला ऐकून घ्यावे लागते, अशा देशाला 'मध्यम सत्ता' म्हणतात. थायलंड आणि व्हिएतनाम ही आशियातील उदाहरणे. श्रीलंका त्यांच्याहूनही लहान. असे देश कोणावर सक्ती करू शकत नाहीत. म्हणून ते एखादा विषय निवडतात, इतर देशांना सोबत घेतात आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करतात. या तिन्ही देशांनी त्यासाठी बुद्धाच्या वारशाचा आधार घेतला.

सुरुवात : १९५० आणि १९५१

मे १९५० मध्ये सिलोनमध्ये (आजची श्रीलंका) जागतिक बौद्ध भ्रातृत्व संघाची स्थापना झाली. पुढाकार पाली पंडित गुणपाल मललसेकर यांचा होता. या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. १९५४ च्या रंगून आणि १९५६ च्या काठमांडू परिषदांनाही ते गेले. आज या संघाचे मुख्यालय बँकॉकमध्ये आहे.

सप्टेंबर १९५१ मध्ये जपानशी शांतता करार करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को येथे परिषद भरली. १९४२ मध्ये जपानने सिलोनवर बॉम्बहल्ले केले होते. तरीही सिलोनचे अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी धम्मपदातील अवैराच्या शिकवणीचा दाखला देऊन नुकसानभरपाईचा हक्क सोडला. पुढे जपान श्रीलंकेला मोठे आर्थिक साहाय्य देणारा देश ठरला.

वेसाकचा ठराव : १९९९

वैशाख पौर्णिमेला संयुक्त राष्ट्रांची मान्यता मिळावी, हा प्रस्ताव श्रीलंकेने लावून धरला. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर हे जन्माने तमिळ ख्रिस्ती होते. बौद्ध बहुसंख्य नसलेल्या अनेक देशांचाही पाठिंबा मिळवला गेला आणि डिसेंबर १९९९ मध्ये आमसभेने ठराव क्रमांक ५४/११५ संमत केला. संयुक्त राष्ट्रांवर खर्चाचा भार पडणार नाही, अशी त्यात तरतूद होती. त्यामुळे विरोधाला फारसे कारणच उरले नाही.

ठरावानंतर थायलंडने आपल्या बौद्ध विद्यापीठामार्फत दरवर्षीच्या वेसाक परिषदेची व्यवस्था उभी केली. व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट पक्षाची सत्ता असूनही त्या देशाने २००८, २०१४, २०१९ आणि २०२५ अशा चार वेळा यजमानपद घेतले. २०२५ मध्ये भारताने सारनाथ येथील बुद्धधातू दर्शनासाठी व्हिएतनामला पाठवले. म्हणजे मोठे देशही आता याच वाटेने जात आहेत.

दुसरी बाजू

परराष्ट्र धोरणात बुद्धाचे नाव आहे म्हणून देशात धम्म आचरणात आहे, असे समजू नये. जगापुढे अवैराची भाषा करणाऱ्या श्रीलंकेत १९५६ मध्ये फक्त सिंहली ही राजभाषा झाली आणि १९८३ ते २००९ गृहयुद्ध पेटले. व्हिएतनाममध्ये सरकारी चौकटीबाहेरच्या संघाचे प्रमुख थिच क्वांग डो यांना अनेक वर्षे कैदेत आणि नजरकैदेत काढावी लागली. राज्य आपले हित पाहते. त्या हितात मैत्री, करुणा आणि समता कितपत आहे, हे तपासणे उपासकांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे.

आपल्यासाठी धडा

भारतातील बौद्ध समाज संख्येने अल्प आहे. वेसाकचा ठराव संख्याबळावर मिळाला नाही. मागणी एकच आणि स्पष्ट होती, तिचा मसुदा तयार होता, बिगरबौद्ध मित्र सोबत होते आणि आक्षेपांची उत्तरे आधीच शोधलेली होती. बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचा प्रश्न असो वा शिष्यवृत्तीचा, तरुण कार्यकर्त्यांनी मोर्चासोबत ही तयारीही केली पाहिजे. 'शिका' या आदेशात कायदा, भाषा आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे कामकाज शिकणेही येते.