चारठाण्याची तुळई आणि गॅलिलिओचा मोडलेला खांब

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला गेलात तर जुन्या देवळाच्या मंडपात उभं राहून वर बघा. दगडी तुळया एका खांबावरून दुसऱ्या खांबावर टेकलेल्या असतात आणि दोन तुळयांचा सांधा खांबाच्या डोक्यावर येतो. गंगाखेड तालुक्यात धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे, तेही याच घराण्यातलं. लोक या बांधणीला सरसकट हेमाडपंती म्हणतात. खरं तर हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारातला, आणि हे नाव चिकटलेली कित्येक देवळं त्याच्या आधीची आहेत. असो, आपल्याला त्या सांध्याकडे बघायचंय.

तुळईच्या आत काय चाललंय हे कसं कळणार? आज आपण ती मनातल्या मनात कापतो आणि एक तुकडा बाजूला काढतो. तो तुकडा जागेवर राहण्यासाठी कापलेल्या तोंडावर जे लागेल, ते आतलं बल: शिअर आणि बेंडिंग मोमेंट. परीक्षेत हे पाच मिनिटांचं काम आहे. इतिहासात मात्र त्याला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. 1638 साली लायडनला छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा विचार केला. कापलेलं सगळं तोंड सारख्याच ताणात आहे आणि तुळई खालच्या कडेवर फिरते, असं त्याने धरलं. वरच्या भागात ताण आणि खालच्या भागात दाब असतो, हे त्यातून सुटलं, त्यामुळे त्याच्या हिशेबाने तुळईची ताकद आजच्या साध्या सूत्राच्या तिप्पट येते. पण ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, हे त्याचं बरोबर निघालं. पुढे पारां, कुलों यांनी वाट दुरुस्त केली आणि 1826 साली नाविएच्या पुस्तकाने ती इंजिनिअरांच्या हातात दिली.

त्याच ग्रंथात एक गोष्ट आहे. संगमरवरी खांब दोन टेकूंवर आडवा ठेवलेला होता. मध्ये मोडू नये म्हणून कुणीतरी तिसरा टेकू मधोमध दिला. काही महिन्यांनी एका टोकाचा टेकू कुजून खाली बसला, मधला तसाच राहिला आणि खांब बरोबर मधल्या टेकूवर मोडला.

आता काप घ्या. दोन टेकू असताना मध्यावर मोमेंट wL²/8. टोकाचा टेकू गेला की अर्धा खांब अधांतरी, म्हणून मधल्या टेकूवर w(L/2)²/2, म्हणजे पुन्हा wL²/8! फक्त ताण खालून वर गेला. जादा टेकूने जी सुरक्षितता दिली असं वाटलं, ती एका टोकाच्या खचण्याने पूर्ण परत घेतली.

परभणीच्या काळ्या मातीत हे महत्त्वाचं आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; पाया त्या थरात असेल तर एखादा खांब खचणं नवलाचं नाही. तुळई तीन खांबांवर अखंड असती तर गॅलिलिओच्या खांबाची गत झाली असती. सांधा खांबावर असल्यामुळे खांब थोडा खचला तर तुळई नुसती कलते, आतला मोमेंट जवळपास तेवढाच राहतो. आपल्या भाषेत ही रचना 'डिटर्मिनेट' आहे. अर्थात टेकण्याची जागाच सुटली तर तुळई खाली येणार.

खांबाच्या डोक्यावरचे, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दगडी हातही बघा. समजा, त्यांनी 3 मीटरचा मोकळा गाळा 2.4 मीटर केला, तर मोमेंट 36 टक्क्यांनी उतरतो.

मग यादवकालीन कारागिरांना बेंडिंग मोमेंट माहीत होता का? असा प्रश्न घेऊन प्रबंध लिहायला बसू नका. शिल्पग्रंथांत प्रमाणं सापडतात, बलाचा हिशेब नाही. आणि सगळी मापं दुप्पट केली तर स्वतःच्या वजनाने तुळईत येणारा ताणही दुप्पट होतो, म्हणजे नुसतं प्रमाण पुरत नाही. मोठ्या मंडपात बहुधा खांब वाढलेले दिसतात, गाळा तेवढा वाढत नाही. हे अनुभवाचं ज्ञान आहे, आणि ते मोजता येतं: गाळा, तुळईची उंची, हातांचा पुढावा, भेग वर की खाली.

शेवटचं माप विसरू नका. दुरुस्तीत एखाद्याने सांध्यांवरून काँक्रीटची अखंड तुळई ओतून ती दगडाशी जखडली, तर हिशेब बदलतो. पुढच्या खचण्याला भेग खांबाच्या डोक्यावर, वरच्या अंगाला पडू शकते, आणि तिथे खालून बघणाऱ्याला ती दिसत नाही.