डोक्याचा फोटो, मुंबईची गाडी आणि साडेचार तास

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या घरातला आहे.

1986 चा पावसाळा. अमळनेरला आमचे मामा सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि कप हातातून निसटला. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. डॉक्टर आले. म्हणाले, पक्षाघात आहे, पण आत रक्ताची गुठळी अडकलीय की नस फुटलीय हे फोटोशिवाय सांगता येणार नाही. चिठ्ठी दिली मुंबईची. ओट्यावर बसलेल्या आजीला ते पटेचना. "डोकाना फोटू काढाले मुंबई जानं पडस?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

पैसे जमवण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या रात्री गाडीत मामांना आडवं करून नेलं. फोटो निघाला, गुठळी निघाली, गोळ्यांची यादी घेऊन सगळे परत आले. मामा नंतर अकरा वर्षं जगले. दुकानाचा हिशोब डाव्या हाताने लिहायला शिकले. बोलणं मात्र पुरतं आलं नाही ते नाहीच.

आमच्या घरात वर्षानुवर्षं एकच हळहळ होती: त्याच दिवशी पोचलो असतो तर मामा वाचले असते, म्हणजे पूर्ण बरे झाले असते. मीही तेच मानत होतो. मग या फोटोचा इतिहास वाचला आणि कळलं की नाही. त्याच दिवशी पोचलो असतो तरी निकाल बहुधा तोच लागला असता.

कसं ते सांगतो.

रॉन्टजेनने एक्स-रे शोधला 1895 साली. हाडं दिसू लागली, पण मेंदू दिसेना. कवटी दिसायची, आतला ऐवज नाही. 1918 मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जनने मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये चक्क हवा भरून एक्स-रे काढला. हवा काळी दिसते, पोकळी कुठे दबली ते कळतं, त्यावरून गाठ कुठे असेल याचा अंदाज. पुढे तीच हवा पाठीच्या मणक्यातून भरायची पद्धत आली. रुग्णाला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या व्हायच्या. 1927 मध्ये लिस्बनला एगास मोनीझने मानेतल्या धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला. न्यूरोरेडिओलॉजी नावाची शाखा या दोन उद्योगांतून उभी राहिली. मेंदू थेट कोणी पाहत नव्हतं, आजूबाजूच्या खुणांवरून ताडत होते. पाणक्या पायाळू माणूस विहिरीची जागा सांगायचा ना, थोडंफार तसंच. फरक इतकाच की इथे शास्त्र होतं.

मग आला हाउन्सफील्ड. हा माणूस मला फार आवडतो. शेतकऱ्याचा पोरगा, विद्यापीठाची पदवी नाही, डॉक्टर तर नाहीच. नोकरी ईएमआय कंपनीत, म्हणजे ज्या एचएमव्हीच्या तबकड्या आपल्या घरोघरी वाजल्या त्या एचएमव्हीची मालक कंपनी. त्याने केलेल्या यंत्रावर 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. चित्र कसलं, 80 बाय 80 चौकटींचं ठिगळ. पण मेंदू पहिल्यांदा कवटी न उघडता, हवा न भरता दिसला. 1979 ला नोबेल मिळालं. पाठोपाठ एमआरआय आला.

म्हणजे 1986 मध्ये मामांचा फोटो उत्तम निघाला. पण बघून करायचं काय, याचं उत्तर तेव्हा लंडनलाही नव्हतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पक्षाघातात उपयोगी पडतं हे सिद्ध झालं 1995 साली, आणि तेही पहिल्या तीन तासांत दिलं तरच. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढायची, हा उपाय 2015 मध्ये पक्का झाला. निवडक रुग्णांत तो 24 तासांपर्यंत करता येतो, हे 2018 ला कळलं.

आता माझा मुद्दा. 1986 मध्ये जळगाव ते मुंबई हे चारशेवर किलोमीटर अंतर फक्त पैशाचं आणि हालाचं होतं. 1995 नंतर तेच अंतर मेंदूचं झालं. मोठी धमनी तुंबली की मिनिटाला साधारण 19 लाख पेशी मरतात, असा हिशोब 2006 मध्ये एका अमेरिकन तज्ज्ञाने मांडला. आता चाळीसगाव पार होईपर्यंत किती गेल्या, तुम्हीच मोजा.

आपल्याकडे काय काय आलं? औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज 1956 ला आलं. खानदेशाला 1988 पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे कॉलेज निघालं. जळगावचं सरकारी कॉलेज 2018 चं, नंदुरबारचं 2020 चं. 2012 च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं, ही आपल्या वाट्याला आलेली दुर्मिळ पहिली रांग. जळगावचा नंबर 2013 ला लागला. सीटी, एमआरआयची मशीनं तर आज दोन्ही शहरांत आहेत. फीत कापायला नेते येतात, फोटो छापून येतो. मशीन दिसतं म्हणून मशीन येतं. ते वाचणारा माणूस दिसत नाही.

तो माणूस घडायला किती वेळ लागतो बघा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, रेडिओलॉजीचं एमडी तीन वर्षं. त्यावर न्यूरोरेडिओलॉजीचं डीएम आणखी तीन, किंवा एक-दोन वर्षांची फेलोशिप. त्यासाठी आपलं पोरगं मुंबई गाठतं, बंगळूरचं निमहान्स, त्रिवेंद्रमचं श्रीचित्रा नाहीतर दिल्लीचं एम्स गाठतं. तिथे पुस्तक कमी आणि रात्रपाळी जास्त. पक्षाघाताच्या पहिल्या तासांत सीटी जवळपास नॉर्मल दिसतो, त्यातली किंचित फिकट झालेली कडा ओळखायची. मेंदूचे दहा भाग पाडून खराब झालेल्या प्रत्येक भागाचा एक गुण वजा करायचा, आणि उरलेल्या गुणांवर ठरवायचं की नळी घालायची की नाही. हे शेकडो केसेस ज्येष्ठाच्या शेजारी बसून पाहिल्याशिवाय येत नाही. नळी चालवणं तर त्याहून अवघड.

काही जण म्हणतील, मग टेलिमेडिसिन आहे की. आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे. हिमाचलमध्ये जिल्हा हॉस्पिटलच्या साध्या फिजिशियननी मोबाईलवर तज्ज्ञाला सीटी दाखवून इंजेक्शनं दिलीत. आपल्यापेक्षा वाईट घाट आहेत तिथे. इंजेक्शनापुरतं हे यावल-शिरपूरलाही जमलं पाहिजे. पण मोबाईलवरून गुठळी ओढता येत नाही.

गेल्या दिवाळीला मामांची नात घरी आली होती. रेडिओलॉजीचं एमडी करते. कपाटावरचं ते जुनं पाकीट तिने उतरवलं, फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि डावीकडचा डाग बोटाने दाखवला. मामी पहिल्यांदाच तो नीट बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, फेलोशिप करून इकडे येशील ना?

ती म्हणाली, "आजी, येईन गं. पण रात्री दोनला कॅथलॅब उघडायला नर्स लागते, टेक्निशियन लागतो, भूल देणारा लागतो. मी एकटी येऊन काय करू?"

फॉर्म तिने भरलाय. त्रिवेंद्रमचा.