सप्टेंबर १९३२ : सह्यांचा महिना

आमचे पिंपरी पेंढार जुन्नर तालुक्यात आणि येरवड्याचा तुरुंग पुणे शहरालगत. तरी जिल्हा एकच. २४ सप्टेंबर १९३२ रोजी त्या तुरुंगात झालेल्या पुणे कराराचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असते. मात्र त्याच महिन्यात जगात अन्यत्रही करार केले जात होते, मोडले जात होते आणि नाकारलेही जात होते. या घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर खरा करार कशाला म्हणावे याचा काही बोध होतो.

त्या वर्षी १४ सप्टेंबरला जर्मनीने कळविले की, आपला समान हक्क मान्य होईपर्यंत आपण जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत येणार नाही. दुसऱ्याच दिवशी जपानने मांचुकुओ या नव्या राज्याशी करार करून त्यास मान्यता दिली. मांचुरिया हा वस्तुतः चीनचा प्रदेश. जपानी सैन्याने तो १९३१ च्या सप्टेंबरपासून बळकावला होता. करारावर सह्या दोन पक्षांच्या होत्या खऱ्या. परंतु त्यांतील एक पक्ष दुसऱ्याच्या सैन्यानेच उभा केलेला होता. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया आणि पॅराग्वे ही दोन कॅथलिक राष्ट्रे चाको प्रदेशासाठी झुंजत होती. बोकेरोनची लढाई ९ ते २९ सप्टेंबरपर्यंत चालली. एकाच ख्रिस्तसभेची लेकरे परस्परांवर बंदुका रोखून उभी होती. त्याच २९ तारखेला पोप अकरावे पायस यांनी मेक्सिकोविषयी परिपत्रक काढले. तेथील शासनाने ख्रिस्तसभेशी १९२९ साली केलेला समझोता पाळला नाही, ही त्यांची व्यथा होती.

आता येरवड्याकडे वळू. ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनल्ड यांनी ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्य समाजास स्वतंत्र मतदारसंघ दिले. यामुळे हिंदू समाज कायमचा दुभंगेल, असे गांधीजींचे म्हणणे होते. सवर्णांच्या मेहेरबानीवर निवडून येणारा प्रतिनिधी आमचा कसा, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रश्न होता. २० सप्टेंबरला गांधीजींनी तुरुंगात आमरण उपोषण आरंभिले. चार दिवसांच्या वाटाघाटींनंतर करार झाला. आंबेडकर, मदनमोहन मालवीय, राजगोपालाचारी आणि नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू यांच्याही त्यावर सह्या होत्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले; प्रांतिक विधिमंडळांतील जागा मात्र ७१ वरून १४८ झाल्या. २६ तारखेला ब्रिटिश सरकारने करार मान्य केला आणि रवींद्रनाथ टागोरांच्या उपस्थितीत उपोषण सुटले.

रक्ताचा थेंब न सांडता तंटा मिटला, हे त्या काळात लहान यश नव्हते. आंबेडकरांनीही दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सभेत समाधान व्यक्त केले होते. परंतु १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या करारावर आणि त्यामागील उपोषणावर कठोर टीका केली. एका महात्म्याचे प्राण पणाला लागले असता दुर्बल समाजाच्या नेत्याला ‘नाही’ म्हणणे कितपत शक्य होते? मांचुकुओची तुलना येरवड्याशी करणे अन्यायाचे होईल. तरीही हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्या समाजाचाही या इतिहासाशी संबंध आहे. त्याच निवाड्याने भारतीय ख्रिस्ती लोकांनाही स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध उपोषण झाले नाही. पुढे घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हा येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा व हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी त्या सोडून देण्यास १९४९ साली संमती दिली. दबावाखाली सोडणे निराळे आणि विश्वासाने सोडणे निराळे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनुसूचित जातींची व्याख्या करणाऱ्या १९३६ च्या आदेशाने ख्रिस्ती व्यक्तींना त्यातून वगळले. १९५० च्या आदेशाने हा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती बांधव अद्याप बाहेरच आहेत. त्यांच्या वतीने विश्वासाने काही सोडून देण्याचा अधिकार कोणाला होता?

जगाच्या करारांपासून आपल्या घरापर्यंत अंतर फारसे नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती हसतमुखाने सही करते आणि भाऊ निश्चिंत होतात. कागद पुढे करण्यापूर्वी आपण तिला एवढे तरी विचारावे : बाई, तू ‘नाही’ म्हणालीस, तर तुझे माहेर तुला राहील ना? त्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असेल, तरच ती सही खरी.